एकोणीस टमाट्यांचा वर्ग

२० डिसेंबर, शुक्रवार

पहाटे घंटा ऐकू आली. सौसरच्या आमच्या शाळेची. निंबाच्या फांदीला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा, त्यावर सळईचे ठोके. शेवटचा ठोका नेहमी थोडा उशिरा, कारण शिपाई मध्ये दम घ्यायचा. आजही तसाच उशिरा पडला. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, पांढुर्ण्यात राहायला येऊन बारा. मालगाडी असेल. तरी उठून बसलो आणि हात खडू शोधायला लागला.

मंदा नागपूरला, लेकीकडे. गुडघ्याच्या ऑपरेशनला अकरा दिवस झाले. वर्षा म्हणते, आई दोन घास खाते आणि ताट सरकवते. कशाची चव नाही म्हणते. मी फोनवर बोललो तर तब्येतीचं एक अक्षर नाही. म्हणाली, "हळदीच्या डब्यामागं पुडी आहे. आईच्या टमाट्याचं बी. या हंगामात नाही लागलं तं संपलं समजा."

तिच्या आईचा टमाटा म्हणजे चपटा, पाच फाकांचा, आंबट. निखाऱ्यावर भाजून चटणी. सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली. रामाकोन्याच्या त्यांच्या वाडीत आता भिंतीपर्यंत संत्रा आहे, टमाट्याचं एक झाड नाही. इथे मंदानं जपलं होतं, पण गेल्या साली तिला वाकताच आलं नाही.

मी लावतो म्हणालो. पलीकडे मायलेकी दोघी हसल्या. हसणारच. चाळीस वर्षं हिनं परसात खुरपं चालवलं आणि मी ओट्यावर बसून कविता म्हटल्या.

२१ डिसें.

पुडी सापडली. राखेत घोळलेलं बी, धोतराच्या चिंधीत. मोजलं, चोवीस. मं. म्हणाली, जुनं आहे, सगळंच टाका, किती उगवते कोण जाणे. थंडी फार आहे, बाहेर नको, गॅसजवळच्या फळीवर ठेवा. माती चाळून घ्या.

चाळली. पिठाच्या चाळणीनं. हे तिला सांगितलेलं नाही.

पूजेचे उरलेले पळसाचे द्रोण होते. बारा द्रोण, प्रत्येकात दोन बिया. सगळे तिच्या परातीत मांडले. शिंपडायला चहाची गाळणी. एकूण स्वयंपाकघर माझ्या ताब्यात.

२५ डिसें.

काही नाही. माती उकरून पाहण्याचा मोह झाला. उकरली. परत झाकली.

३० डिसें.

आले! पहिले दोन. मान खाली, डोक्यावर बियाचं टरफल तसंच. थंडीत कानटोपी घालून पहिल्या दिवशी वर्गात येणारी पोरं आठवली. वर पाहत नाहीत, नाव विचारलं तर आणखी खाली.

मं.ला लगेच फोन. म्हणाली, टोपी ओढून काढू नका, आपली आपण गळते. मी ओढणारच होतो.

५ जाने.

हजर १९, गैरहजर ५. शाळेची एक कोरी हजेरीवही माझ्याजवळ राहिली होती, ती काढली. नावं नाहीत, नंबर घातले. सात नंबरची मान वाकडी आहे. बारा नंबर सगळ्यांत बुटका आणि सगळ्यांत हिरवा.

८ जाने.

फार उंच होत आहेत. दोऱ्यासारखे. मी कौतुकानं सांगितलं तर मं. म्हणाली, "उंच नाही झाले, उजेडासाठी तडफडून राहिले." खिडकीसमोर शेजारची भिंत आहे. आता परात सकाळी इकडून, दुपारी तिकडून फिरवतो.

दुसरी आज्ञा अशी, की जिथे जोडी उगवली तिथला एक अशक्त उपटून टाका. चिमटीत धरला, झालं नाही. नोकरीत कधी कोणाला नापास केलं नाही, हेडमास्तर त्यावरून वर्षभर तोंड फिरवून बसायचे. तेव्हा चमच्यानं एकेक वेगळा करून ज्याचा त्याला द्रोण दिला. सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत. पाठ गेली. पण एकही मेला नाही.

१४ जाने., संक्रांत

शेजारची कौसाबाई तिळगूळ घेऊन आली. परात पाहून म्हणाली, "काहो गुरुजी, पोळ्या खाता का रोपं?" तिच्या हातचा तिळगूळ दगडासारखा, पण मनानं फार चांगली बाई. तिची बकरी दोन दिवसांआड आमच्या फाटकाशी येते, मी भाजीचे देठ देतो.

दुपारी वर्षाचा फोन. हळू आवाजात, बहुतेक गच्चीवरून. "बाबा, रोपांचं बोलणं निघालं की आई जेवते. आज अख्खी भाकर खाल्ली. सात नंबरची मान सरळ झाली का विचारत होती."

१९ जाने.

संक्रांतीपासून रोज तिच्या जेवणाच्या वेळेला फोन करतो. हजेरी घेतो. ती तिकडून एकेकाची चौकशी करते, मी परातीकडे पाहून सांगतो. चव नाही असं आता म्हणत नाही. फक्त परवा म्हणाली, "पहिला टमाटा पिकला की चटणी मीच करीन. पाटावर बसता नाही आलं तं खुर्चीवर बसून करीन."

बेचाळीस वर्षांत आम्ही इतकं कधी बोललो नसू.

२५ जाने., शनि.

पाच पाच पानं झाली. आता यांना बाहेरची सवय लावायची. मं. म्हणाली एकदम उन्हावाऱ्यात नेऊ नका, थोडं थोडं करत वाढवा. मी वेळापत्रक केलं. आज एक तास, म्हणजे शाळेचा, पस्तीस मिनिटांचा. उद्या दोन. चार दिवसांनी मधल्या सुटीपर्यंत. मग परत आत.

पहिला तास ओट्यावर, सावलीत. वाऱ्यानं सगळे एकदम हलले. मला वाटलं उभे राहून नमस्ते म्हणतात की काय.

२७ जाने.

तिसरा दिवस. देठ जरा जाड वाटतात. नुसतं बसून राहायचं तर कविता म्हणतो. सहावीला शिकवायचो त्या सगळ्या अजून पाठ. वारा, पाखरं, नदीचं वळण. आवाज मात्र मधेच फाटतो.

२९ जाने., बुध.

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहितो.

परात अंगणात, ऊन कोवळं. मी खुर्चीत. पाखरांची कविता सुरू केली. मोठी आहे, सात कडवी. ती म्हणताना माझे डोळे मिटतात, पहिल्यापासूनची सवय. निवृत्तीच्या समारंभात एका जुन्या विद्यार्थ्यानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, गुरुजींनी डोळे मिटले की मागच्या दोन रांगा खिडकीतून पसार व्हायच्या. सभा हसली, मीही हसलो.

आज शेवटचं कडवं संपवून डोळे उघडले तर परातीत बकरी. कौसाबाईची. फाटक मीच उघडं टाकलं होतं. ती शांतपणे चावत होती आणि माझ्याकडे पाहत होती. मी तिथे आहे, तिला ओळखतो आहे, तेव्हा हे तिच्यासाठीच मांडलेलं असणार.

द्रोणासकट गेले. पंधरा.

भिंतीच्या बाजूचे चार उरले. सात नाही. बारा आहे.

कौसाबाई धावत आली, बकरीला दोन रट्टे दिले, मग मलाच म्हणाली, "माह्या बकरीले काय मालूम तुमची कविता. तुमी काहून डोळे लावले?"

जेवणाच्या वेळी मीच नेहमीसारखा फोन केला. मं.नं विचारलं, सगळे हजर?

हजर, म्हणालो.

सात नंबर?

मान सरळ आहे, म्हणालो. पलीकडे ताटाचा आवाज येत होता. ती जेवत होती.

३० जाने.

परत तेच. नऊ नंबरला नवं पान आलं म्हणून सांगितलं. नऊ नंबर नाहीच. तिला इतका आनंद झाला की

३१ जाने.

चौघांना आत फळीवर ठेवलं आहे. देठ अजून लांबच, मान टाकतात. कौसाबाई दुपारी येऊन बसली, बराच वेळ पाहिलं. तिला वाईट वाटलं आहे, तोंडावर दाखवत नाही. तिचा उपाय: उभं लावू नका, वाऱ्यानं मोडतील. खालची पानं तोडा, देठ मातीत आडवा निजवा, नुसता शेंडा वर ठेवा. मातीत गेला तेवढ्या देठाला मुळं फुटतात. टमाट्याचं असंच असते म्हणे.

पानं तोडायची. माझ्या हातानं.

मी विचारलं, जगतील? ती म्हणाली, "आता मी काय देव हाये?" जाताना मंदाबाईले सांगतलं का, असं विचारून गेली. उत्तरासाठी थांबली नाही.

२ फेब्रु., रवि.

आज तिचं जेवण होऊ दिलं. मग म्हणालो, मंदा, एकोणीस नाहीत. चार आहेत. बकरी, फाटक, पाखरांची कविता, सगळं क्रमानं सांगितलं. बी शिल्लक नाही हे सांगायची गरज नव्हती.

 

"कधी?"

बुधवारी.

"म्हणजे इतके दिवस मी जे विचारून राहिली होती, अन् तुम्ही..."

पुढे वर्षाचा आवाज आला. बाबा, नंतर बोलू.

३ फेब्रु.

जेवणाच्या वेळेला फोन केला. वर्षा म्हणाली आई झोपली आहे. दुपारी एक वाजता? ती कधी दुपारी झोपत नाही.

४ फेब्रु.

उचलला नाही. संध्याकाळी वर्षाला विचारलं, जेवली का? थोडं, म्हणाली. हे "थोडं" मला डिसेंबरपासून माहीत आहे.

परसातली जागा खणून ठेवली. तिच्या खुरप्यानं. हातभर लांबीचे चार चर. शेणखत मिसळलं, पाणी सोडलं. चौघांनी आज पूर्ण दिवस बाहेर काढला, मी समोर बसून. डोळे उघडे. एक शब्द म्हटला नाही.

५ फेब्रु., बुध.

सकाळी लागलो. खालची पानं नखानं खुडली, प्रत्येक वेळी हाताला तो टमाट्याचा कडू हिरवा वास. हा वास मंदाच्या हातांना यायचा, मला वाटायचं साबणाचा असेल. द्रोणासकट आडवं निजवलं, शेंडा काडीला टेकवला. एक, दोन, तीन. बारा नंबर शेवटी ठेवला होता. तो हातात घेतला आणि फाटकाची कडी वाजली.

कौसाबाई असेल म्हणून तो हातात घेऊन तसाच उठून गेलो.

शेवंताबाई. मंदाची थोरली बहीण, रामाकोन्याची. वय सत्त्याहत्तर. घरी म्हैस आहे, तिची धार दुसऱ्या कोणाला काढू देत नाही. आमच्या वर्षाच्या लग्नालासुद्धा ही बाई आली नव्हती, म्हैस व्यायली होती म्हणून. आज पहिल्या बसनं, एकटी. काखेत पिशवी, पायावर धूळ, चेहरा असा की मी तिला या बसा म्हणायचंही विसरलो.

"मंदीचा फोन आला होता," ती म्हणाली. "दोन दिवस झाले, रोज करते. बोलत काही नाही, नुसती रडते. काल म्हणे, बाई, तू जाऊन पाह्य, त्यायले एकट्याले नाही जमणार."

मी म्हैस कुठे आहे असं काहीतरी विचारलं.

ती माझ्या मातीच्या हाताकडे पाहत होती. चपला तिथेच काढल्या, पदर खोचला.

"कोठी हायेत ते चार?"

तीन परसात आहेत, म्हणालो. आणि हात पुढे केला.