पदर सावर गो

बाबा,

दार आतून लावून लिहितोय. तुम्ही गेलात तेव्हा आपल्याकडे मोबाइल नव्हते. आता माणूस बंद खोलीत चार पावलं मिरवत चालला तरी जग बघतं.

इथे सौदीत, रास तनुराच्या कॅम्पात माझा रूममेट फिलिपिनो आहे, पाइपफिटर. मला ‘कुया’ म्हणतो, म्हणजे थोरला भाऊ. स्वतःला पुरुष आवडतात हे त्याने पहिल्याच रमजानात सांगितलं. मी चहा ओतत राहिलो. त्यांच्याकडे सौंदर्यस्पर्धांचं वेड आपल्या क्रिकेटसारखं. त्याच्यासारखी मुलं चादरी, पडदे, जे हाताला लागेल ते नेसून आवडत्या राणीसारखी चालतात आणि व्हिडिओ टाकतात. “कुया, यंदा तुझ्या देशाचा ड्रेस,” तो म्हणाला. मी तीन चादरी जोडल्या, टाका दिसणार नाही अशा, आणि त्याला नऊवारी नेसवली.

शिकवलं कुणी नव्हतं. इथल्या पाइपांवरची दाबाची मीटरं जुळवायला शिकलो तसंच, बघून. लहानपणचं अजून दिसतं: देवळामागे तुम्ही दशावतारातली राणी व्हायला बसलायत, ओठांत टाचण्या, बोटांत निऱ्या. मी फिदीफिदी हसतोय. “हसतंस कित्याक? निरी चुकली तर राणी पडतली, तुझो बापूस नाय.”

रूममेट झोकात चालला. वळताना खांद्यावरची चादर घसरली आणि मोबाइलमागून मी बोललो, “पदर सावर गो.” माझा चेहरा कुठेच नाही. आवाज मात्र व्हिडिओबरोबर तसाच गेला.

परवा साइटवर चहाला पुण्याचा इंजिनियर मोबाइल घेऊन आला. “काका, बघा, फिलिपिनोला नऊवारी. मागे कुणीतरी मालवणी बोलतंय. तुमच्याकडचाच दिसतो.”

“असेल.”

“पण काष्टा चुकलाय हो. एवढा वर असतो का?”

चुकलेला नाही. राणीला रणात उतरायचं असतं, म्हणून दशावतारात काष्टा वरच घेतात. वाक्य जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, “चुकलाय खरा.” कप खाली ठेवला आणि कामाला लागलो.

रूममेटने व्हिडिओ काढून टाकला, पण चाहत्यांनी आधीच उतरवून घेतलेला कुठे कुठे फिरतोय. पुरुषाने बाईचा वेश घेणं इथे गुन्हा; सापडलो तर त्याला तुरुंग, मग मायदेशी रवानगी. नेसवणारा म्हणून मलाही. त्याच्या पगारावर आई जगते, माझ्या पगारावर तुमची सून आणि नात. दार वाजलं की तो बाथरूममध्ये जातो आणि मी पँटला हात पुसत कडी काढतो. काल इस्त्रीवाला होता.

“कुया, तुझ्या फोनमधलाही पूस,” तो रोज बजावतो. “खलास, पुसला,” मी सांगतो.

हा कागद लिहून झाला की फाडून पाण्यात सोडणार आहे. व्हिडिओ अजून फोनमध्येच आहे. तुमचा आवाज कधी कुणी टिपून ठेवला नाही, बाबा, आणि ते तीन शब्द ऐकताना तिथला आवाज मला माझा वाटत नाही.