बाबांच्या डोक्यावर पाय

नाही आत्या, तू कितीही वेळा लिहिलंस तरी हे मी मान्य करणार नाही. मांगाची चित्रपुस्तकं वाचून पोट भरत नाही म्हणून तू माझे सगळे भाग न्हाणीघराच्या चुलीत घातलेस, आणि आज त्याच मांगाच्या सिनेमात मी भूत होऊन दोन्ही वेळचा भात खातोय. (तुझी कंबर कशी आहे? वाळत टांगलेले माकूळ मासे मांजरीनं लांबवले नाहीत ना? मी ठणठणीत आहे, फक्त पांढरा रंग कानांतून निघत नाही.)

तर, बर्फात हाकलून दिलेली सून मरून सासरी परत येते, ती मी. (हसू नकोस. इतक्या लांब हातापायांची, इतकी वाळकी बाई त्यांना मिळेना, आणि केसांच्या टोपाखाली कुणाला काय कळतंय?) मांगातलं सगळ्यात गाजलेलं चित्र म्हणजे ही बया चटयांच्या खोलीच्या उंबरठ्यावर उभी राहून आत बघते. बस्स, नुसती उभी राहते. लोकांनी ते दंडावर गोंदवून घेतलंय, म्हणून दिग्दर्शक कुरोसेसाहेबांना ते हुबेहूब हवं. मला उलटं सरपटणं जमलं, मान वाकडी करणं जमलं, पण उंबरठा आला की पाय आपोआप उडी मारून पलीकडे! उंबरठ्यावर पाय म्हणजे बापाच्या डोक्यावर पाय, हे तू बांबूच्या पट्टीनं माझ्या नडग्यांना शिकवलंस ना, त्या नडग्या माझं ऐकतच नाहीत. सगळे पोट धरून हसले. साहेब तेवढे हसले नाहीत. "भूत आहेस की बेडूक?" म्हणाले, "उद्या सकाळी जमलं नाही, तर टोप तोकुमारूच्या डोक्यावर."

हा तोकुमारू म्हणजे माझ्या जागेवर डोळा ठेवून बसलेला बदली माणूस. चहा पिता पिता म्हणतो कसा, "मला काय, मला आईनंच वाढवलंय. कुणाच्या डोक्याची भानगड नाही." आत्या, तेव्हाच ठरवलं, पाय तुटला तरी चालेल, पण टोप द्यायचा नाही. टोप गेला तर परत तुझ्या माकुळांच्या दोऱ्यांखाली उभं राहायचं, आणि "सांगितलं होतं ना?" हे तुझं जन्मभर ऐकायचं. खोलीवर जाऊन फळीवर सराव केला. फळीवर झकास जमलं, कारण फळीला बाप नसतो.

सकाळी टोप चढवला, पायांवर बर्फाचं पाणी ओतून घेतलं, आणि उंबरठ्याशी आल्यावर केसांआड हळूच म्हणालो, "बाबा, डोकं जरा घट्ट धरा. तुम्हाला समुद्रानं नेल्यापासून काही मागितलं नव्हतं." आणि ठेवला पाय. दुसराही ठेवला. उभा राहिलो, आत्या. जराही हललो नाही. साहेब खूश! "ओठ हलवून काय शाप दिलास रे? माझ्या अंगावर काटा आला." मी म्हटलं, असंच आपलं, सुचलं ते. फक्त आवाज टिपणारे काका कानांवरचं यंत्र काढून माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या वाटणीची गरम कॉफी माझ्या हातात देऊन निघून गेले.

तेव्हा परत ये म्हणून लिहू नकोस. येणार नाही.

तुझा भाचा,
गेन्ता

ता.क. एकदा टेकडीवर जाऊन बाबांच्या थडग्याचा दगड धू. वरून हात फिरव जरा, दुखलं असेल. साकेची बाटली चांगली ने, स्वस्तातली ते घ्यायचे नाहीत.

ता.क. पुढच्या आठवड्यात मला पूर्वजांच्या देव्हाऱ्यातून बाहेर पडायचंय, तेही पायांकडून. आजोबांची माफी त्याच खेपेत मागून ठेव.

ता.क. खरं म्हणजे पत्र यासाठीच. उरलेल्या पैशांत मांगाचा शेवटचा भाग घे. तू जाळलास तेव्हा माझा वाचायचा राहिला होता, आणि इथं भुतानंच शेवट विचारायचा म्हणजे लाज वाटते. आधी तू वाच, मग मला कळव, ती सून घरात राहते की जाते. नंतर जाळायचा तर जाळ. सोबत पंधरा हजार येन.