निशिगंधाभोवतीच्या विटा

प्रिय शिवादादा,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते. लोणंदला सासरी परत जा, असं तू सीमेवरून फोनवर सांगितलंस, तेव्हा मी "बरं" म्हटलं. पण गेले नाही. महिना झाला, मी कुंडलला माहेरीच आहे.

लोणंदला काय झालं ते तुला सांगवत नाही. आबांनी तर विचारलंच नाही. पहिल्या सकाळी झारी हातात दिली आणि म्हणाले, "शेवंतीला पाणी घाल." त्यांची फुलबाग तुला ठाऊक आहे. फौजेतून रिटायर होऊन बारा वर्षं झाली, तरी प्रत्येक वाफ्याच्या कडेला दोरी लावून सरळ बसवलेल्या विटा, गेरू-चुन्यानं रंगवलेल्या. मी रोज पाणी घालायचे आणि रोज वाटायचं, आज विचारतील.

परवा विचारलं. "क्रांते, रजा किती दिवसांची?"

माझ्या हातातली झारी कलंडली. म्हटलं, "आबा, मी परत जाणार न्हाई."

त्यांनी आधी झारी सरळ केली. मग म्हणाले, "तर मग ही रजा न्हाई, पोस्टिंग हाय. निशिगंधाचा नवा वाफा आजपास्नं तुझ्याकडं."

काल त्या वाफ्याच्या विटा मीच बसवल्या आणि कित्येक महिन्यांनी गाढ झोपले.

सुट्टीवर आलास की बघ, लय वाकड्या बसल्यात. आज सकाळी आबा दोरी घेऊन आले. थोडा वेळ बघत उभे राहिले. मग दोरी गुंडाळून ठेवली आणि विटा तशाच रंगवायला बसले.

तुझी धाकटी,
क्रांती