तुझ्या नंबरावरचा तांडा

प्रिय मिना,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. तुझा पत्ता बाळापूरच्या साजीदनं दिला. त्याचा टेम्पो नांदेडला असतो. तुझा नवा फोन नंबरही देत होता, मी घेतला नाही. बोलायला लागलो की माझा आवाज चढतो, हे तुला सांगायला नको.

तुझ्या मर्जीनं लग्न करून गेलीस तेव्हा जुना मोबाइल फळीवर ठेवून गेलीस. तो मी बंद पडू दिला नाही. कसा पडू देणार? आधारच्या शिबिरात मशीन नंबराशिवाय पुढं सरकेना, आणि ऊसतोडीला जाणारी आपली माणसं दर हंगामाला सिम बदलणारी. तेव्हा तूच सगळ्यांच्या नावापुढं तुझा नंबर घातलास. आता पंचायतीवर पाटी लागली, 'सर्व शेवा ऑनलाइन'. 'सेवा' लिहा म्हणून मी दोनदा सांगितलं, कोणी ऐकत नाही. निराधारचा पगार असो की पीकविमा, ओटीपी तुझ्याच फोनवर येतो आणि सगळा तांडा माझ्या अंगणात.

रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. तिथून पंचायतीपर्यंत मी पळत सुटतो आणि ऑपरेटर विकास दारातून ओरडतो, "थावराकाका, लवकर, ओटीपी मरून राहिला!" पेमाकाकू सगळ्यांना सांगत फिरते, सरकार थावराच्या पायावर चालून राहिलं म्हणून. चौथीनंतर शाळा न पाहिलेला मी इंग्रजी मेसेज वाचतो, आकडा एकही चुकत नाही. पण भिकाबाईच्या वेळी मी पोचेपर्यंत मुदत संपली, परत तेच, आणि मग तिचं खातंच अडकलं. हिंगोलीला जा म्हणतात. तिला दिसत नाही, लांब चालवत नाही. रोज अंगणात येऊन बसते. "काहून रे थावरा, माझाच पगार न्हाई येत?" म्हणते.

तुझे स्वतःचे मेसेज मी उघडत नाही. ज्याचा ओटीपी, तो समोर असला तरच वाचतो. गेल्या सोमवारी टाकीजवळ मी एकटाच होतो. फोन वाजला. परत वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा वाचला. गरोदर मातेच्या नोंदणीचा ओटीपी होता, आणि तांड्यात सध्या कोणी गरोदर नाही. मिना, तो तुझा होता. तू तिकडं फॉर्म उघडून बसलेली, आकडे माझ्या हातात, आणि सांगायचं कसं! या नंबरावर फोन केला असतास तर मीच उचलला असता. म्हणूनच केला नाहीस, एवढं मला कळतं.

तुझ्या याडीला सांगितलं. आईच ती, लगेच लाडवांचा डिंक निवडायला बसली.

आधारला जोडलेला नंबर बदलायच्या रांगा मी पाहिल्यात. या दिवसांत तू तिथं उभी राहू नकोस. पुढच्या शुक्रवारी पहिल्या गाडीनं फोन घेऊन मी येतो. त्या दिवशी तांड्याचं काम बंद. पेमाकाकू म्हणाली, "जा बापा, एका दिवसात सरकार मरत न्हाई." पाकिटावर जावयाचं, योगेशरावांचं नाव मीच लिहिलंय. घरात बोलवायलाच पाहिजे असं नाही. मी दारासमोर रस्त्यावर उभा राहीन. तू आतून ओटीपीचं बटण दाब, आकडे मी मोठ्यानं वाचतो.

तुझाच,
बा