वरच्या चौकटीतलं लिहिणं

अण्णा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आत्ता कुठे तुमचे मेल नीट वाचायला बसलेय. निमित्त साधंच आहे. नागपूरला कॉलेजसाठी निघाले तेव्हा जिंतूरच्या सायबर कॅफेवाल्यानं मला जे खातं उघडून दिलं होतं, ते चालवणारी कंपनी आता महिनाअखेर गाशा गुंडाळतेय. नोकरीचं खातं वेगळं, बँकेसाठी वेगळं, एक तर फोननं आपल्याच मनानं उघडलेलं. सगळं एका जागी गोळा करून ठेवणारं आणि मागितलं की शोधून देणारं सॉफ्टवेअर मला हवंय. बाकीच्या खात्यांची घाई नाही, पण जुन्यात तुम्ही आहात. ते बंद झालं की तुमचं लिहिलेलं काहीच उरणार नाही.

सॉफ्टवेअर निवडताना मला आठवला आपला मिक्सर. आईसाठी तो घ्यायला आपण परभणीला गेलो होतो. दुकानदार चटणी वाटून दाखवतोय, आई खूश, आणि तुम्ही मिक्सर पालथा करून बुडाचे स्क्रू बघताय. "हे आमाला उघडता येतं का?" तो म्हणाला, "उघडायची गरजच पडणार न्हाई, साहेब." "मंग नको," तुम्ही म्हणालात. आई दुसरं दुकान येईपर्यंत तुमच्या दहा पावलं पुढे चालत होती. तिथून आणलेला मिक्सर तुम्ही ओट्यावर कितीदा खोललात, आई डोक्याला हात लावून बसायची. तो अजून चालतोय, आवाज मात्र ट्रॅक्टरचा आहे.

म्हणून मीही तुमचाच प्रश्न विचारत सुटले. इथे साठवलेले मेल उद्या दुसऱ्या कशात उघडता येतील का? एक सॉफ्टवेअर दिसायला नवरीसारखं होतं, पण सगळं आपल्याच पेटीत कोंबून किल्ली स्वतःकडे ठेवायचं. ते काढून टाकलं. दुसरं सरळ वाटलं, म्हणून जुनं खातं त्याला जोडलं, तर गोळा करता करता त्यानं एक ढीग बाजूला काढला आणि विचारलं, यात काहीच लिहिलेलं नाही, पुसून टाकू का? ढीग बघितला तर सगळे तुमचे. मी घाईघाईनं 'नको' दाबलं आणि तेही काढून टाकलं.

तुम्ही सगळं वरच्या विषयाच्या चौकटीत लिहायचात. खालची मोठी जागा कोरी. खाली लिहा असं फोनवर मी सांगितलं तर म्हणालात, "आगं, एका वळीत मावतंय की. खाली येवढी जागा कशाला सोडलीय, सही कराया?" हे कुठून आलं ते मला ठाऊक आहे. येलदरी धरणाच्या वीजघरात, तुमच्या कामावर, तुम्ही मला एकदा नेलं होतं. जमिनीखालून यंत्रांची घरघर तळपायांना लागतेय, मी तुमचं बोट धरून उभी आहे, आणि तुम्ही वायरलेसवर बोलताय, "गेट उघडायलाय, काठच्या गावाला सांगा." बस. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी विचारलं, एवढंच? "ऐकणारा पाण्याच्या काठाला उभा असतोय, बेटा. त्याला लांबण लावायची न्हाई."

शेवटी जे घेतलं ते सॉफ्टवेअर सरकारी कचेरीतल्या कपाटासारखं करडं आहे. पण त्यातलं सगळं दुसरीकडे उघडतं, इंटरनेट बंद करून बघितलं तरी शोधतं, आणि कोऱ्या मेललाही मेल समजतं. आधी मी "जयभीम" शोधलं. सगळे काका, मामा, लग्नपत्रिका, जयंतीची आमंत्रणं धावत आली. आपल्या घरात त्या शब्दानं एकटं कोण सापडणार! मग "गेट" टाकलं, आणि फक्त तुम्ही आलात.

जुन्या खात्याच्या यादीत तुमची ओळ अर्ध्यात तुटलेली दिसायची. जयभीम बेटा, आई बरी हाय, पुढे टिंबं. उघडून काय, आत कोरंच असणार, म्हणून मी कधी उघडायचेच नाही. करड्या कपाटानं मात्र इंग्रजी अक्षरांतली तुमची मराठी पहिल्यांदा शेवटपर्यंत दाखवली. "जयभीम बेटा, आई बरी हाय, धरण भरलं, गेट उघडले, तुमच्या होस्टेलच्या नळाला कोन्त्या धरणाचं पाणी येतंय, इचारून कळव, गोड हाय का." दुसऱ्या मेलात, "तिकडच्या पोरी ज्वारीची भाकर खातेत का." आणखी एकात, "हा निरोप धाडल्यावर हितं बी राहतो का निस्ता तिकडं जातो." प्रत्येक ओळीच्या टोकाला प्रश्न. उत्तर आलं नाही म्हणून तुम्ही रुसला नाहीत, पुढच्या वेळी नवाच प्रश्न विचारलात. वाचताना मला हसू येत होतं आणि रडूही.

निरोप इथेही राहतो, अण्णा. भाकरी खाणाऱ्या पोरी थोड्या होत्या, पण माझ्या डब्यावर तुटून पडायच्या. पाण्याचं तेव्हा मी कुणालाच विचारलं नव्हतं, ते काल होस्टेलच्या मैत्रिणीला फोन करून विचारलं.

तुमचं खातं केव्हाच बंद पडलंय, त्यामुळे हे पाठवत नाही. मसुद्यांत राहील, म्हणजे कपाटातही जाईल, तुमच्या शेजारी. विषयाच्या चौकटीत तुमच्यासारखं एका ओळीत लिहिलंय: जयभीम अण्णा, पाणी पेंच धरणाचं येतंय, गोड हाय.

गोड हाय, हे मात्र अंदाजानं. ती चव मला आठवत नाही.