मशेरीच्या डबीचं झाकण

३ फेब्रु., सोम. डोंबिवली
अक्काला संधिवाताचं तिसरं इंजेक्शन होऊन पंधरवडा. थोरल्या बहिणीची बोटं दोन वर्षांनी अशी सुटलेली पाहतोय. आज सुई स्वतः ओवली. शेजारणीच्या साडीला फॉल लावायला घेतलाय. फक्त खालची दाढ हलते म्हणते. "रक्त नाही, दुखत नाही. हलू दे की रे." पुढचं इंजेक्शन १७ला.

६, गुरु.
ठाण्याला, दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. हिरडी वरून ठीक, आत पू. इंजेक्शनच्या औषधानं सूज दबते, म्हणून कळलं नसेल, म्हणाल्या. तोंडात असा संसर्ग असताना इंजेक्शन नको. सांध्यांच्या डॉक्टरांचंही फोनवर तेच. हिरडी भरेपर्यंत थांबायचं. फॉर्म मी भरला. तंबाखू: नाही.
परतताना रिक्षात अक्का मांडीवर बोटं मिटून उघडून बघत होती.

८, शनि.
दोरा शोधताना शिवणाच्या डब्यात मशेरीची डबी.
"अक्का, ही तंबाखूच ना!"
"भाजलेली आहे. आणि खाते कुठे मी? लावते नि थुंकते."
"सोडली होतीस ना?"
"सोडली कसली. झाकणच उघडत नव्हतं."
इंजेक्शननं बोटं सुटली आणि पहिलं काम हे. वर म्हणते, सांगू नकोस, इंजेक्शन कायमचं बंद करतील.
तीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या. घरचा फॉर्म न विचारता भरला.

१०, सोम.
डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. तंबाखूनंही हिरडीचं रक्त दिसत नाही, जखमही उशिरा भरते, म्हणाल्या. मशेरी आजपासून बंद. अक्कानं ताट वाढलं, आदळून.

१३, गुरु.
दाढ काढली. "आता खूश?" कापसाच्या बोळ्यातून एवढंच.

१७, सोम.
इंजेक्शन नाही. हिरडी कच्ची. किती दिवस? कोणी नक्की सांगत नाही.

२२, शनि.
अक्काची बोटं पुन्हा आखडलीत, चहाचा कप दोन्ही हातांनी. शेजारीण साडी विचारून गेली. "देते गं उद्या." फॉल अर्धाच. मंगळवारी हिरडी तपासणार.
दुपारी अक्कानं डबी माझ्यापुढे ठेवली.
"टाकून देऊ?"
"टाकू नकोस. झाकण लाव. जोर लावून."
लावलं. मंगळवारी इंजेक्शनला हो म्हणाले तर बोटं सुटतील. सुटू देत. पण मग हे झाकणही उघडेल.