पवनारची रुई, इचलकरंजीचा ट्रक

३ फेब्रुवारी

पुण्याहून हेड ऑफिसचा मेल. मार्चपासून गिरणीत उरलेली सगळी रुई इचलकरंजीला पाठवायची. तिथे तिचा पुन्हा धागा करतात. ‘इचलकरंजी युनिटने हे दोन महिन्यांत करून दाखवलं. वर्धा मागे का?’

मागे का! त्यांच्या भिंतीपलीकडेच धाग्याचा कारखाना आहे. टेम्पो सकाळी जातो, दुपारी रिकामा परत. आमच्यापासून तोच कारखाना आठशे किलोमीटर. आमच्याकडे कापूस ढीगभर, पण उरलेल्या रुईचा धागा करणारं जवळपास कुणी नाही.

आणि आम्ही ती काही फेकत नाही. चार वर्षं झाली, उरलेली आखूड तंतूंची रुई पवनारला कमलाबाईंच्या शेडमध्ये जाते. त्या आणि आणखी सहा बाया तिच्या गाद्या-उशा भरतात. मीच जुळवून दिलं होतं ते. पर्यावरण अधिकारी म्हणून या गिरणीत मी बाकी काय केलं? फलक लावले.

५ फेब्रुवारी

पियुष सरांना फोन केला. पुण्यात हा विभाग तेच बघतात. माणूस वाईट नाही — शांतपणे सगळं ऐकून घेतो आणि मग आधी ठरलेलंच बोलतो.

‘गादी झाल्यावर तिचं पुढे काय होतं, रक्षा? काही नोंद?’

‘लोक झोपतात तिच्यावर, सर.’

हसले नाहीत. कमलाबाईंच्या शेडची नोंदणी नाही, म्हणून तिकडे गेलेली रुई त्यांच्या लेखी कचरा. अर्धा महाराष्ट्र डिझेल जाळत गेली की मग पुनर्वापर. मी हे बोलून दाखवलं. म्हणाले, ‘धोरण सगळ्या युनिटना एकच असतं.’

डोकं दुखतंय.

१६ फेब्रुवारी

रविवार. घरून, बोरगावहून, स्कूटीवर पवनारला गेले. फोनवर सांगायचा धीर झाला नाही.

कमलाबाईंनी पिंजणाची मशीन बंद केली, तोंडावरचा फडका काढला. ‘म्हंजे रुई बंद?’

‘थोडे दिवस. मी प्रयत्न करते.’

‘थोडे म्हंजे किती? सेलूच्या होस्टेलच्या गाद्या जूनच्या आंधी द्याच्या हायेत. त्याईले काय सांगू — रक्षा प्रयत्न करून राह्यली म्हणून?’

बाकीच्या बाया माना खाली घालून उशा शिवत होत्या. एकीनेही वर पाहिलं नाही. चहा मात्र पाजलाच. तो काही गोड लागला नाही.

१ मार्च

इकडे रुई बंद. तिकडे नेणाऱ्या ट्रकचा पत्ता नाही.

२० मार्च

ट्रक येत नाही, कारण पूर्ण भरल्याशिवाय तो येणारच नाही. एवढ्या लांब अर्धी गाडी कोण नेणार? आणि ट्रक भरेल एवढी रुई साठवायला आमच्याकडे गोदाम नाही. कारण आजवर कधी साठवावी लागलीच नाही!

गोदाम सांभाळणारे नत्थूजी एरवी दिवसात चार शब्द बोलतात. आज स्वतः माझ्या टेबलापाशी आले. ‘म्याडम, आता माह्या खुर्चीवर ठेवू काय रुई? आन् एक ठिणगी पडली तं? ऊन पाह्यलं काय बाहेरचं?’

पुण्याला मेल केला. उत्तर लगेच आलं, तेवढं बरं — ‘इचलकरंजीत साठवणुकीची अशी अडचण आलेली नाही.’

येईल कशी? येईल कशी?

४ एप्रिल

पुणे एवढं मान्य करतंय की कमलाबाईंच्या शेडची रीतसर नोंदणी झाली, तर विचार करू. म्हणजे जागेचा करार, आग विझवायची नळकांडी, वजनकाटा आणि शेडचा नकाशा. जागा कमलाबाईंच्या दिराची. करार कुठला? चार वर्षं तोंडी चाललंय.

‘गाद्या भराले नकाशा कायले पायजे वं?’

‘मी तुमच्यासाठीच करतेय ना, कमलाबाई.’ आवाज चढला माझा. चढायला नको होता.

‘माह्यासाठी करतं तं रुई दे मले. कागदं काऊन मागून राह्यली?’

पियुष सरांना मी हेच विचारत होते, जरा सभ्य भाषेत. आता त्यांच्या जागी मी उभी.

१२ एप्रिल

तरी आठवड्यात दिराची सही आणली कमलाबाईंनी. दोन नळकांडीही आणली, लाल, नवीकोरी. रुई नसलेल्या शेडमध्ये दोन्ही भिंतीला टांगलीत.

२३ एप्रिल

पियुष सर आले! नागपूरपर्यंत विमान, पुढे गाडी. गाडीतून उतरले तेव्हा उन्हाने चेहरा लालबुंद. गोदाम दाखवलं. मग पवनारला नेलं.

खरं सांगायचं तर आज मला ते आवडले. चटईवर बसले, मठ्ठा प्यायले, गादी कशी भरतात ते विचारलं. कमलाबाईंनी कुठूनतरी मिळवलेली थोडी जुनी रुई पिंजून दाखवली. सरांनी फोटो काढले — मशीनचे, बायांचे, कमलाबाईंचे तर सात-आठ.

निघताना म्हणाले, ‘फारच छान काम आहे, ताई. मी वर बोलतो.’

कमलाबाई म्हणाल्या, ‘बोलजा. पन लवकर बोलजा.’

९ मे

कंपनीचं सादरीकरण आलं. पान अकरा — ‘वर्धा युनिट : स्थानिक महिलांसह पुनर्वापर’. पानभर कमलाबाई, हातात रुई.

तेच पान उघडं होतं, तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. इचलकरंजीचा ट्रक. अखेर आला! नत्थूजींनी संध्याकाळपर्यंत सगळी रुई भरून दिली. मी खिडकीतून बघत बसले.

पियुष सरांना फोन लावला. म्हणाले, वर बोललोय, सगळ्यांना फारच आवडलं. मग परवानगी? ‘प्रक्रियेत आहे.’

प्रफुल्ल रात्री जेवताना म्हणाला, ‘सोड ना आता, तुझी नोकरी तर शाबूत आहे.’ नवऱ्याशी भांडायचंही त्राण नव्हतं. ताट तसंच ठेवून उठले.

१५ मे

होस्टेलवाल्यांनी नागपूरहून फोमच्या गाद्या घेतल्या. कमलाबाईंनीच फोन करून सांगितलं. आवाजात राग नव्हता. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२८ मे

आली! परवानगी आली! जूनपासून आखूड रुई पवनारला द्यायला हरकत नाही. पियुष सरांनी खाली दोन ओळी लिहिल्यात — उशीर झाला, माफ करा. माणूस वाईट नाही, मी आधीच म्हटलं होतं.

नत्थूजींना सांगितलं. ‘बरं झालं,’ म्हणाले. त्यांच्या मानाने हे भाषणच.

कमलाबाईंचा फोन बंद येतोय. रविवारी स्वतः जाईन. पेढे नेईन.

३१ मे

उद्या जमणार नाही. पुण्याहून तपासणी, रविवारीसुद्धा! फोन अजून बंदच.

२ जून

गिरणीत रुईच्या गाठी बांधायच्या खात्यात ठेकेदाराने आजपासून नव्या बाया आणल्यात. दुसऱ्या रांगेत कमलाबाई होत्या.

मी परवानगीचं सांगितलं. त्यांनी हात थांबवले नाहीत.

‘मशीन इकून टाकली, पोरी,’ म्हणाल्या. ‘सरक जराशी. ट्रक उभा हाय.’